शेषेराव पुकारे यांचं एकच प्रकरण

सकाळी अकराच्या ठोक्याला शेषेरावमामा आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर उभे राहायचे आणि छाती फुगवून तीनदा ओरडायचे, "दिनकर आणि कुमुद हाजिर होऽऽ." मग हात मागं बांधून रस्त्याकडं बघत थांबायचे. कुणी यायचं नाही. येणार कुठून, दिनकर आणि कुमुद ही एका जुन्या कादंबरीतली माणसं. मामा मान हलवायचे, "गैरहजर" म्हणायचे, आणि आत येऊन माझ्या टेबलासमोर पेपर उघडायचे.

मी केजच्या या वाचनालयाची ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे काय, झाडू मारण्यापासून माठ भरण्यापर्यंत सगळी मीच. मला शांतता लागते आणि माझं डोकं लवकर तापतं. पहिल्या दिवशी तो पुकारा ऐकला आणि माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. मी ओट्यावर जाऊन मामांना चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आधी म्हणणं दाखल करा, मंग चिडा."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. एकतीस वर्षं ते कोर्टात शिपाई होते. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, साहेबांच्या मागं उभं राहायचं, एवढंच काम. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण तालुक्यानं त्यांना पुकारे करून टाकलं. निवृत्त झाल्यावर पेन्शन आली, पण त्या आवाजाचं काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरात बायको म्हणाली, हितं वरडू नका, पोरंबाळं न्हाईत तर भिंतीला कावून तरास देता. मग तो आवाज माझ्याकडं आला.

एकदा तर खरोखरचा दिनकर हजर झाला. युसूफ वडगावचा कुणीतरी, तहसीलला फेरफारासाठी आलेला. आपलं नाव ऐकून बिचारा टोपी सावरत धावत आला. मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुमुद कुठं हाय?" तो म्हणाला, "साहेब, मपल्या बायकूचं नाव सुमन हाय." मामा म्हणाले, "मंग तुमचं प्रकरण न्हाई हे. बसा." बसा म्हटल्यावर तो माणूस घाबरून अर्धा तास बाकावर बसून राहिला. शेवटी मीच त्याला पाणी देऊन वाटेला लावलं.

आता ती कादंबरी. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली आठ पानं गेलेली, त्यामुळं तिचं नाव कुणालाच माहीत नाही. आमच्या नोंदवहीत 'लढाईची कादंबरी' एवढंच लिहिलंय. दुसऱ्या महायुद्धातली प्रेमकथा. दिनकर ब्रह्मदेशच्या आघाडीवर जातो, स्फोटात त्याचं तोंड भाजतं, आणि दीड वर्ष दवाखान्यात पडून तो कुमुदला एक ओळ लिहीत नाही. लाज वाटते म्हणून. इकडं कुमुद मानी. दिनकरची आई दोन गल्ल्या सोडून राहते, पण ही एकदाही जाऊन विचारत नाही की तुमच्या मुलाचं काय झालं. दुसऱ्याशी लग्न करून मोकळी होते. मग तो परत येतो, आणि पुढची दीडशे पानं दोघं रडतात.

शाळेतल्या पोरींनी या पुस्तकावर आसवं गाळलेली मी बघितलीत. मामांचा डोळा कोरडा. समासात पेन्सिलीनं शेरे: "हे म्हणणे नामंजूर." "आरोपी क्र. २ रडून वेळ काढीत आहे." ज्या पानावर दिनकर चंद्राकडं बघून कुमुदला आठवतो, तिथं लिहिलं होतं, "चंद्रास साक्षीला बोलावता येत नाही."

"दोघं बी दोषी," ते मला म्हणायचे. "त्यानं सांगितलं न्हाई, हिनं इचारलं न्हाई. बाकी समदी फोडणी हाय."

"मग द्या निकाल आणि पुस्तक परत करा," मी म्हणायची. "दोन वर्षं झाली."

"निकाल म्या कसा देऊ? सायेब रजेवर हायती."

दुपारी ते घरी जाऊन हे पुस्तक बायकोला वाचून दाखवायचे. गयामामींना अक्षरओळख नव्हती. त्या डाळ निवडत ऐकायच्या आणि आरोपींची वकिली करायच्या. एका रविवारी मामांनी मला सुनावणीला बोलावलं. ओसरीवर एक खुर्ची मांडलेली, रिकामी. ती साहेबांची. मामा तिच्या बाजूला उभे, हात मागं. मी आणि मामी सतरंजीवर.

"दिनकरनं पत्र कावून धाडलं न्हाई?" मामांनी विचारलं.

मामी सुपातून खडा काढत म्हणाल्या, "तोंड जळल्यालं माणूस काय लिहील वो? म्हनलं आसल, कशाला तिच्या जिवाला घोर."

"घोर करायचा का न्हाई ते ती बघल. सांगायचं काम याचं व्हतं."

"लाजंपायी बोलवत न्हाई माणसाला. तुमाला न्हाई कळायचं."

"लाज हा पुरावा न्हाई."

मामींनी सूप बाजूला ठेवलं, पदर पुढं ओढून घेतला आणि चहा करायला उठल्या. मी हसत होते. मामा खुशीत होते, त्यांनी पुढची तारीख दिली. मामींनी चहाचं भांडं एकाच हातानं उचललं आणि डावा हात अंगाशी धरला होता, हे मी बघितलं. बघितलं आणि बिस्किट खाल्लं. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण काय उपयोग.

दिवाळीनंतर चार दिवस पुकारा झाला नाही. पाचव्या दिवशी मामा आले ते थेट आत, पेपर न उघडता बसले. मामींच्या छातीत गाठ होती. फुटली, वास यायला लागला, तेव्हा शेजारणीनं ओढून अंबाजोगाईला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय, घरी न्या आणि सांभाळा.

"दोन वर्सं, बाई," मामा म्हणाले. "दोन वर्सं तिला ठावं व्हतं. म्हणणं दाखल केलं न्हाई."

हसावं की रडावं मला कळेना. त्यांनाही कळलं नव्हतं आपण काय बोललो ते.

मला वाटलं, आता पुस्तक परत येईल. कुठलं काय. मामा रोज दुपारी बाजेशेजारी उभे राहून वाचतच होते, आणि दिनकरवर असे तुटून पडायचे की ऐकवायचं नाही. भित्रा म्हणायचे, दगाबाज म्हणायचे. "आपल्या माणसाला परकं केलं यानं," असं एकदा इतक्या मोठ्यानं म्हणाले की गल्लीतली बाई डोकावून गेली. मामी डोळे मिटून पडलेल्या असायच्या. बायकोवर रागावता येत नव्हतं, म्हणून तो सगळा राग त्या कागदाच्या सैनिकावर निघत होता. मला हे कळत होतं. मामींना माझ्या आधी कळलं होतं.

मी भाकरीचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "बाई, त्येंना सांगा. दिनकरला सोडा म्हनावं. तेवढं आयकून जाते."

मी मामांना बाहेर गाठून सांगितलं. सांगितलं कसलं, भांडलेच. बाई मरायला टेकलीय आणि तुम्ही तारखा काय देताय, म्हटलं.

मामा दाराच्या चौकटीला टेकले. "निकाल लागला की पक्षकार घरला जातो, बाई. जवर तारीख हाय तवर त्याला यावं लागतं. म्या एकतीस वर्सं बगितलंय."

मी डबा तिथंच ठेवून आले.

पण मामी हट्टाला पेटल्या. पाणीसुद्धा घेईनात. पुढच्या रविवारी सकाळी मामांनी मला निरोप पाठवला. गेले तर बाज ओसरीवर आणलेली, आणि साहेबांच्या खुर्चीत मामा स्वतः बसलेले. जन्मभर खुर्चीच्या मागं उभा राहिलेला माणूस, बसला होता तोसुद्धा अगदी कडेला.

"दिनकर," ते म्हणाले. आवाज मोठा येईना. "निर्दोष. लाज वाटनं हा गुन्हा न्हाई. त्याला सोडलं."

मामींनी मोठा श्वास घेतला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी बघितला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "आन कुमुद?"

"तिला माफी न्हाई."

"कावून?"

"घागर एका हातानं उचलायली, दिसत व्हतं," मामा म्हणाले. "कूस बदलताना कन्हायली, आयकू येत व्हतं. घरातच व्हती ना ही. रोज समूर बसून वाचायची, दुनियेचा न्याय करायची. बाई गं, तुला काय व्हतंय, एवढं एकदा इचारलं न्हाई."

मी ते पुस्तक तीनदा वाचलंय. त्यात घागर कुठंच नाही. कुमुदच्या घरात कुणी कन्हत नाही. मी खाली मान घातली.

मामी म्हणाल्या, "म्या माफ केलं तिला."

"तसं चालत न्हाई."

"लई कडक सायेब हायती," मामी माझ्याकडं बघून म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांनी पाणी मागितलं. मामांनी चमच्यानं पाजलं. बुधवारी त्या गेल्या.

तेराव्यानंतर मामा पुस्तक परत द्यायला आले. मी न राहवून म्हटलं, "मामा, कुमुदला सोडा आता. मामींनी माफ केलं होतं."

"फिर्यादीनं माफ केलं म्हणून समदेच गुन्हे मिटत न्हाईत, बाई."

त्यानंतर ते पुकारा करत नाहीत. त्यांना दुसराच नाद लागलाय, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. ते लोकांना विचारत फिरतात. गल्लीत नळावर उभ्या असलेल्या बायकांना, भाजीवालीला, एसटी स्टँडवर बसलेल्या अनोळखी म्हातारीला. "काय दुखतबिखत हाय का? कवापासून? घरी सांगितलं का?" बायका पदर सावरून सरकतात. म्हातारा चळला म्हणतात. एका नवऱ्यानं तर त्यांची गचांडी धरली. मामांनी सदरा नीट केला आणि त्यालाच विचारलं, तुमी तरी इचारलं का तिला.

परवा दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. मी पुस्तकं लावत होते. मामा समोर येऊन उभे राहिले.

"बाई, तुमाला कुठं काय व्हत तर न्हाई?"

मी फटकारणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण माझ्या पोटात वर्षभर कळ येतेय आणि हे मी घरात कुणाला बोलले नव्हते. नवऱ्याला वेळ नाही, मुलीची परीक्षा, माझं आपलं चाललंय. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि शेषेरावमामांना सगळं सांगितलं. किती महिने, कुठल्या बाजूला, किती वेळ.

सांगून झाल्यावर म्हणाले, "उद्या साडेआठची अंबाजोगाई यष्टी हाय. म्या येतो संगं."