डुकरांसाठी तोफ

रानडुकरांनी रताळ्यांचा मळा पुन्हा उकरला, तेव्हा जयाबाईने नवऱ्याला सरळ विचारले, "हवालदार, बंदूक आणताय का न्हाय?"

रवळू हवालदार मागच्या महायुद्धात बसऱ्याला लढून आला होता. आता दुसरे महायुद्ध पेटले होते आणि सांबऱ्याजवळच्या त्यांच्या वाडीत सरकार कुणालाच बंदुकीचा परवाना देत नव्हते.

"हत्यार मिळवायच्या लई तऱ्हा असत्यात," रवळूने विडी पेटवत सांगितले. "इंग्रज आधी कमिटी बसवतो. तुर्क जर्मनाकडनं मागून आणतो. आन् जर्मन घरातच बनवतो."

"मग आपण जर्मन!" जयाबाई म्हणाली.

शामू लोहाराने जाड लोखंडी नळ एका बाजूने बंद करून गाड्याच्या चाकांवर चढवला. विहिरीला सुरुंग लावणाऱ्यांकडून दारू आली. गोळे नव्हते, म्हणून डुकरांनी उष्टी केलेली रताळीच ठासली. दुपारी बत्ती दिली. तोफ मागे धावली आणि रवळूला घेऊन चिखलात गेली. रताळी मात्र ओढ्यापलीकडच्या लष्करी छावणीत, गोऱ्या साहेबाच्या ऐन चहाच्या मेजावर पडली.

घटकाभरात साहेब, सुभेदार आणि शिपाई धावत आले. जयाबाई पदर खोचून तोफेवर बसली.

"कुणाच्या हुकमानं केली ही?" सुभेदार गरजला.

"माझ्या! बंदूक मागितली तर दिली न्हाईसा. आता ही न्यायची तर मला उचलून न्या!"

शिपायांनी बंदुका रोखल्या. तेवढ्यात चिखलातून उठलेल्या रवळूने एका बंदुकीवर टकटक केले.

"सुभेदार, ही तर लाकडाची हाय!"

"हळू बोला," सुभेदार कुजबुजला. "खऱ्या विलायतेतनं यायच्या हैत. बोटच येईना."

साहेबाने तोफेला फेरी मारली आणि सुभेदाराच्या कानात काहीतरी सांगितले. सुभेदाराचा आवाज एकदम उतरला.

"आक्का, उद्या मोठा सायेब तपासणीला येतोय. तेवढ्यापुरती ही छावणीच्या दारावर उभी करू का, असं आमचं सायेब इच्यारत्यात."

"करा की," जयाबाई जागची हलली नाही. "पर मळा कोण राखणार?"

त्या दिवसापासून सूर्य कलला की सरकारी शिपाई खांद्याला बंदुका लावून रताळ्यांच्या मळ्यात पहारा देऊ लागले. डुकरे परत फिरकली नाहीत. बंदुका लाकडाच्या आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेच नाही.