काटेमास्तरांचं ऐंशी किलो

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही, आणि न वाटली तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. एका गावात एक माणूस होता, ज्याचं वजन बावीस वर्षं ऐंशी किलो होतं. साधारण ऐंशी नव्हे, बरोबर ऐंशी. केस कापायला जायचा तर येताना एक शेंगदाणा तोंडात टाकून यायचा, म्हणजे भरपाई होई.

त्याला सगळे काटेमास्तर म्हणत. वजनकाटे दुरुस्त करणं हा धंदा. बेकरीचा काटा, दवाखान्याचा काटा, धान्याच्या गोदामातला बैल मावेल एवढा मोठा काटा, सगळे त्यांच्याच हातचे. सुरुवातीला ते वीस-वीस किलोची चार लोखंडी वजनं घेऊन दारोदार फिरत. चार वर्षांत कंबर कामातून गेली. पाचव्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की चार वजनं मिळून होतात ऐंशी, आणि ती वाहून नेणारा माणूसही भरतो ऐंशीच. मग वजनं कशाला न्यायची? त्या दिवसापासून मास्तर स्वतःच काट्यावर उभे राहत, काट्याने ऐंशी दाखवेपर्यंत खालचा स्क्रू पिळत, उतरत आणि पावती फाडत. लोखंडी वजनं घरात कोपऱ्यात बसून असत. वर्षातून एकदा सरकारी कचेरीत ठसा मारून घ्यायला जात, तेवढाच त्यांचा प्रवास.

यंदा नेमकं तिथेच घोडं अडलं. वजनं ठशासाठी कचेरीत गेली आणि वर्षाचा मोठा सण आला, कचेरीला सुट्टी. सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निरीक्षक ती वजनं गाडीत घालून गोदामात येणार आणि मास्तरांनी लावलेला मोठा काटा तपासणार, असं पत्र आलं. काटा बरोबर निघाला तर परवाना तीन वर्षं पुढे. चुकला तर परवाना रद्द, आणि साठीला टेकलेल्या माणसाने मग काय करायचं, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं.

"अहो, मग यंदा ताईंकडे जेवायला नको जाऊ या," बायको म्हणाली. "उगाच परीक्षा कशाला?"

"का नको? जायचं. पोटभर जेवायचं."

"आणि वजन?"

"वजनाचं तू मला सांगतेस?" मास्तर हसले. "अगं, उभा जन्म गेला वजनात."

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. सणाचं जेवण दरवर्षी तिच्याकडे. ती वाढायला उभी राहिली की नको म्हणणाऱ्याचं ताट आधी भरायची. तिची मुलगी गावात वजन उतरवण्याचा वर्ग चालवायची. म्हणजे आई वर्षभर चढवायची आणि लेक वर्षभर उतरवायची, दोघींचा धंदा सुखाने चालला होता.

टेबल आडवं-उभं भरलं होतं. मास्तर बसले आणि त्यांनी खिशातून वस्तू टांगून वजन करायचा, खाली आकडी असलेला छोटा ताणकाटा काढला. त्याला बशी लटकवली.

"धाकट्या, माझ्या टेबलावर हे काय टांगलंस?" ताई म्हणाली.

"जेवण मोजून खाणार आहे, ताई. उद्या परीक्षा आहे."

भाचीला आनंद झाला. "शाब्बास मामा. मी तेच सांगते सगळ्यांना. ही घ्या काकडी. वाटीभर रस्सा घ्या, पातळ आहे. तळलेल्याकडे बघूही नका."

मास्तरांनी काकडी बशीत ठेवली. काटा ताणला. "दोनशे चाळीस ग्रॅम," ते म्हणाले आणि काकडी परत केली. "रस्सा, तीनशे दहा. उचल. पोरी, तू लोकांना मारायला निघालीस की काय?"

"मामा, काकडीने वजन वाढत नाही."

"दोनशे चाळीस ग्रॅमची वस्तू पोटात घातली तर माणूस दोनशे चाळीस ग्रॅमने जड होतो. काट्याला काकडी कळत नाही. काट्याला वजन कळतं." मग त्यांनी लोण्यात तळलेल्या, पापुद्रे सुटलेल्या, मीठ भुरभुरलेल्या कुरकुरीत पट्ट्यांपैकी एक उचलून बशीत ठेवली. काटा जेमतेम हलला. "नऊ ग्रॅम. याला म्हणतात हलका आहार."

"मामा, ते लोण्यात बुडवून काढलंय."

"लोणी पाण्यावर तरंगतं. म्हणजे पाण्यापेक्षा हलकं. शाळेत शिकवतात." फेटलेल्या साईचा एक डोंगर त्यांनी चमच्याने बशीत ओढला. "एवढा डोंगर, आणि चाळीस ग्रॅम. बघ, निम्मी हवा आहे. हवा खाऊन कोणी जाड झाल्याचं ऐकलंयस?"

भाचीने कपाळाला हात लावला. ताईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. बावीस वर्षांत भावाने तिच्या हातचं तळलेलं कधी दोन घासांपुढे नेलं नव्हतं. "खा रे धाकट्या," ती म्हणाली. "हलकं आहे ना, मग खा."

मास्तर खात होते आणि पेन्सिलीने कागदावर लिहीत होते. पट्ट्या गोड लागत होत्या आणि खारट त्याहून जास्त. पन्नासाव्या पट्टीला त्यांची जीभ जोड्याच्या तळासारखी झाली.

"सरबत घे," ताईने मोठा पेला पुढे केला.

"नको. पाणी ही जगातली सगळ्यात फसवी वस्तू आहे. एक लिटर म्हणजे रोकडा एक किलो. सरबत म्हणजे त्यात साखर, आणखी जड. हा पेला नाही ताई, हा दगड आहे."

"घसा कोरडा पडेल."

"पडू दे. परवान्यापुढे घसा म्हणजे काय."

साठ पट्ट्यांवर त्यांनी रेघ ओढली आणि बेरीज केली. पट्ट्या पाचशे चाळीस ग्रॅम, साय शंभर. एकूण सहाशे चाळीस. "एवढं तर माणूस नुसत्या श्वासाने आणि घामाने उद्या सकाळपर्यंत घालवतो," ते म्हणाले आणि सगळ्यांना नमस्कार करून, जड माणसांकडे थोडं कनवाळूपणे बघत, ताठ चालीने घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. असं मास्तर सांगतात. वजनाच्या माणसाचा शब्द आपण कशाला हलका करावा.

सकाळी ते घरच्या काट्यावर उभे राहिले. काट्याने ब्याऐंशी किलो चारशे ग्रॅम दाखवले.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मास्तर चहा होईपर्यंत शांतपणे विचार करत बसले. सहाशे चाळीस ग्रॅम पोटात गेले. त्यातून दोन किलो चारशे कसे तयार होणार? शेरभर पिठाची अडीच शेर भाकरी कोणी केली आहे का? नाही. म्हणजे माणूस वाढलेला नाही. राहता राहिला काटा.

"काटा बिघडलाय," त्यांनी बायकोला सांगितलं.

"बरं," बायको म्हणाली. ती चहा गाळत होती आणि तिने वर पाहिलं नाही.

मास्तर खाली बसले, स्क्रू पिळला, पुन्हा उभे राहिले. ऐंशी. मग त्यांच्या मनात आलं, की घरचा बिघडला तर बाहेरचेही बिघडले असतील, सगळे एकाच हातचे, एकाच वळणाचे. पिशवी उचलून ते थेट भाचीच्या वर्गावर गेले. तिथे सणानंतरच्या पहिल्या वजनासाठी आठ-दहा बायका चेहरे पाडून बसल्या होत्या.

"थांबा," मास्तर म्हणाले. "अजून कोणी चढू नका." ते चढले. ब्याऐंशी चारशे. "बघ. हाही गेला."

"मामा," भाची हळूच म्हणाली, "दोन काटे खोटे आणि एक पोट खरं?"

"काटा यंत्र आहे. यंत्र बिघडतं. मी काही यंत्र नाही." त्यांनी स्क्रू पिळला आणि काटा ऐंशीवर आणला.

मग बायका एकेक करून चढल्या. पहिली उतरली ती ओठ दाबून. दुसरीने दोनदा चढून पाहिलं. सणाच्या जेवणाने एकीचंही वजन वाढलं नव्हतं, उलट दोघींचं उतरलं होतं. "काय सांगताय काय मास्तर," बेकरीवाली म्हणाली, "मी तर परवापासून उठले की खाते आणि बसले की खाते." पाच मिनिटांत गलका झाला. भाची एकदा काट्याकडे आणि एकदा फीचे पैसे घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या नव्या बायकांकडे बघत होती, आणि तिने मामाच्या शास्त्राबद्दल पुढे काही बोलायचं नाही असं ठरवलं.

बातमी मास्तरांच्या आधी गोदामात पोचली. तिथला मुकादम अंगाने दांडगा, बायकोच्या धाकातला. मास्तरांनी मोठ्या काट्यावर उभं राहून ब्याऐंशी चारशे पाहिले, मान हलवली, काटा लावला आणि ऐंशीवर आणला. लगेच मुकादम चढला. उतरला तो अंगरख्याची खालची गुंडी लावत उतरला. "मास्तर, तुम्हाला तोड नाही," तो म्हणाला.

दुपारी निरीक्षकसाहेब आले. मागून भाची आणि तिच्या वर्गातल्या बायका आल्या, मोठ्या काट्यावर खात्री करून घ्यायला. बायकोही आली होती, मास्तर चष्मा घरी विसरले होते म्हणून. हमाल पोत्यांवर बसले. निरीक्षकांनी गाडीतून चार लोखंडी वजनं उतरवून काट्यावर ठेवली. ताजा ठसा चकाकत होता.

काट्याने सत्त्याहत्तर किलो सातशे ग्रॅम दाखवले.

"मास्तर," निरीक्षक म्हणाले, "हे काय?"

"तुमची वजनं झिजली साहेब."

"लोखंड? आठ दिवसांत?"

"कचेरीत ठेवलं होतं ना? तिथे काय काय झिजतं ते मी कशाला सांगू."

हमाल हसले. निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी परवान्याचा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. "दोन किलो तीनशेची चूक आहे. मला रद्द लिहावं लागेल."

मास्तर पुढे झाले. "लिहा. पण आधी स्वतः चढून बघा. तुमचं वजन तुम्हाला ठाऊक असेल."

"गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी केलंय. एक्क्याण्णव." निरीक्षक थोडे घुटमळले. "पण मी चार दिवस सासुरवाडीला होतो."

"चढा तर."

चढले. काटा हलला आणि थांबला. एक्क्याण्णव.

निरीक्षक उतरले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक किलो जरी वाढलं तरी जेवण बंद आणि उकडलेला भोपळा सुरू. सासूबाईंनी चार दिवस काय काय खायला घातलं ते त्यांना आठवत होतं, आणि समोरचा आकडा म्हणत होता, काही झालेलं नाही.

"काटा बरोबर आहे साहेब," मुकादम म्हणाला.

"अगदी बरोबर आहे," बेकरीवाली म्हणाली. "सकाळपासून आम्ही दहाजणी चढलोय. दहाजणी खोटं बोलू का?"

"लोखंडाचं काय, लोखंड कसंही असतं," पोत्यावरून एक हमाल म्हणाला.

निरीक्षकांनी लोखंडाकडे पाहिलं. चार वजनं एका बाजूला आणि अख्खं गाव दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्या स्वतःच्या पोटाचा कल गावाकडे. ते उतरले. पेन परवान्यावर टेकलं. 'रद्द'ची जागा सोडून जरा खाली टेकलं.

"मंजूर लिहितो," ते म्हणाले. "पण मला वर कारण द्यावं लागेल. प्रमाण म्हणून लोखंड न धरता तुम्हाला का धरलं, ते. तेव्हा सरळ सांगा. काल सणाचं जेवलात. पोटात नेमकं काय गेलं?"

मास्तरांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "खारट पट्ट्या साठ, वजन पाचशे चाळीस ग्रॅम. साय, शंभर. एकूण सहाशे चाळीस. ते रात्रीतून श्वासावाटे गेलं."

"आणि पाणी?"

"थेंबभर नाही. काल दुपारपासून आज सकाळपर्यंत ओठ ओले केले नाहीत. सगळ्यांसमोर सांगतो."

निरीक्षक लिहू लागले. मास्तरांची बायको एका बाजूला उभी होती. मघाशी कोणाचं लक्ष नसताना तीही काट्यावर चढून आली होती, आणि आकडा बघून तिने मनातल्या मनात उरलेल्या पट्ट्या संपवायचं ठरवलं होतं. गप्प राहण्यात तिचा फायदाच होता. पण काल दमून आल्यावर स्वयंपाकघर ते पुढची खोली अशा ज्या खेपा झाल्या होत्या, त्यांनी तिचे गुडघे अजून दुखत होते.

"अहो," ती म्हणाली, "मग काल संध्याकाळी पाण्याचा मोठा जग मी कोणासाठी तीनदा भरून आणला?"