नानामामांचं लाईन क्लिअर

मुलांनो, परवा डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. त्यावरून नानामामा आठवले. आता लिहिलं नाही, तर पुढे मला कंटाळा येईल.

नानामामा माझे मामा, नरडाण्याजवळच्या एका लहान स्टेशनावर मास्तर. पंगतीत कुणाच्या ताटात अर्धी भाकर दिसली की वाढणाऱ्याला अडवत. "थांब! लाईन क्लिअर नाही!"

रूळ एकेरी. पुढचं स्टेशन 'लाईन क्लिअर', म्हणजे 'मोकळं', म्हणेपर्यंत गाडी सोडायची नाही. खोटं 'मोकळं' देणारा मास्तर त्यांच्या लेखी खुनीच.

कॉलेजच्या सुट्टीत मी शरीरशास्त्राचं इंग्रजी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यातलं त्यांना सांगितलं. मज्जातंतूतली विजेची खबर तारेतल्यासारखी सरळ धावत नाही. तंतूचा एक भाग पुढच्याला जागं करतो, मग क्षणभर नवी खबर घेत नाही.

नाना उठून उभेच राहिले. हे तर सगळं त्यांच्या रेल्वेसारखंच! "हाई ते बठ्ठं रेल्वेनंच शे! आणि जास्त लागलं, तर खबर मोठी जाते?"

"नाही. तेवढीच. फक्त लवकर लवकर, एकामागून एक."

"मग! गर्दी झाली म्हणून डबा काय फुगतो? गाड्या वाढवाव्या लागतात!"

तेव्हापासून हमालाची पाठ दुखली, तरी ते विचारत, "कोणत्या स्टेशनाजवळ?" हमाल बिचारा काम बरं म्हणून पळे.

पुढच्या वर्षी मामींना पक्षाघात झाला. उजवा हात बधिर पडला. नाना रोज सकाळ-संध्याकाळ त्या हाताची करंगळी दाबत.

"खबर पोचनी का?"

"पोचनी."

नाना ते वहीत लिहून ठेवत. सगळ्यांना सांगत, "लाईन सुरू आहे."

मी भेटायला गेले, तेव्हा मामी मला एकटीला म्हणाल्या, "काहीच समजत नही वं बाई. त्यासना हात हालस तो मी देखस, नि 'पोचनी' सांगस."

एका संध्याकाळी मामी डोळे मिटून पडल्या होत्या. मी दारात होते. नाना त्यांच्याजवळ बसले. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर तसेच ठेवून त्यांनी विचारलं, "खबर पोचनी का?"

"पोचनी," मामी डोळे न उघडता म्हणाल्या.

नानांनी वही ओढून लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करंगळी दाबली, पुन्हा विचारलं.

दोघंही गेली. वही माझ्या कपाटात, तिसऱ्या खणात आहे. दिवसाला दोनदा, 'पोचनी'. त्या संध्याकाळचंही आहे.