नाव सांग, मग बस

मुदखेडला शकुआत्याच्या दारात गेलं, की सख्ख्या भाच्यालाही आधी स्वतःचं नाव सांगावं लागतं. मी पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, तरी उंबऱ्याबाहेर उभा राहून शाळेतल्यासारखा म्हणतो, "दिलीप." मग आतून येतं, "हाव. बस."

"जित्या माणसाला नाव सांगायला येळ लागत न्हाई," हे तिचं शास्त्र. "बाहेरचं असलं की अडखळतंय."

बाहेरच्यांची सगळी खानेसुमारी तिला तोंडपाठ. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ, जमिनीत जीव अडकला तो समंध. एकदा माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "तू मेल्यावर काय बी होणार न्हाईस. तुझी कशात वासनाच न्हाई." बायको हे अजून माहेरी सांगते.

पण भर दुपारी बाराला तिच्या अंगणात माझी मस्करी संपते. चिंचेखाली एक रिकामी बाज आहे. गंगूमावशी गेल्यापासून आत्या त्या बाजेवर रोज चहाचा कप ठेवते. गंगूमावशी म्हणजे आत्याची मैत्रीण. दोघींनी लग्नं केली नाहीत, एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या. त्या बाजेकडं मी बघत नाही.

यंदा ऋचा, माझी लेक, लातूरच्या हॉस्टेलवरून आली होती, तिला सोबत नेलं. तिच्या बॅगेवर इंद्रधनुष्याचा बिल्ला.

"हे कशाचं गं?" आत्यानं विचारलं.

ऋचा सांगायला लागली. मी तोंडात शेंगदाणे कोंबले. आत्या मात्र मांडी घालून बसली. "असं न्हाई. एकेकाची लक्षणं सांग."

"बाईला बाईची, पुरुषाला पुरुषाची ओढ, ते समलैंगिक. तशा बाईला लेस्बियन म्हणतात, पुरुषाला गे. दोन्हींची असली तर उभयलैंगिक. आणि कुणाचीच तशी ओढ नसली तर एसेक्शुअल."

"ह्यो असंल त्यातला." बोट माझ्याकडं.

"आजी, दुसऱ्यानं नाही चिकटवायचं. ज्याचं त्यानं सांगायचं. नाही सांगितलं तरी चालतं."

आत्या म्हणाली, "म्हंजे बाहेरच्यासारखंच. मांत्रिकानं किती बी झोडपू दे, त्यानं आपल्या तोंडानं सांगितल्याबिगर सुटका न्हाई."

मी हसलो. ती हसली नाही.

"गंगू रोज दुपारी दाराशी येऊन राहिली. मी इचारते, नाव सांग. अडखळते बिचारी. काय सांगंल? ती सवाष्ण न्हाई, बाळंतीण न्हाई. माझ्या कुठल्याच खान्यात बसत न्हाई. अन् आमच्या दोघींचं एकच नाव, ते मलाच ठाव नव्हतं. मग बसवू कशी?"

माझ्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले.

बारा वाजले. आत्या कप घेऊन चिंचेखाली गेली. उन्हात पान हलत नव्हतं. ऋचा माझ्या दंडाला धरून उभी होती. कोण कुणाला धरून होतं, हा भाग सोडून द्या.

"गंगू, तू नगं सांगूस. मी माझं सांगते." आत्या त्या शब्दावर अडखळली. आयुष्यात पहिल्यांदा तिला अडखळताना पाहिलं. पुन्हा म्हणाली, आता सलग, "लेस्बियन."

कप बाजेवर ठेवला. पदर सावरून बाजूला सरली, माणसाला जागा देतात तशी.

"हाव. आता बस."

मी बघणार नव्हतोच. पण वारा नसताना बाजेचा सुंभ करकरला, कुणी हळूच टेकल्यावर करकरतो तसा.