परबांची चढती भाजणी

माणसाची सारी प्रगती तुलनेतून झाली आहे, असं आमच्या कांदिवलीच्या सोसायटीतले दत्ताराम परब मानतात. त्यांनी स्वतः मात्र ही तुलना मासळीबाजारापासून सुरू केली.

परब विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले, एकटे राहतात, आणि बोरिवलीच्या एका क्लासात जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकतात. वर्गातली पोरं त्यांच्या नातवंडांच्या वयाची आहेत. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो, तर ते दोन सुरमया समोर धरून कोळणीला म्हणाले, "ताई, ह्या दोघी सारख्या आहेत, पण एकच नाहीत. हा फरक तुम्हाला कळतो ना?"

"काका, घेयाची तर घ्या, नायतर सरका बाजूला," ती म्हणाली.

परबांना राग आला नाही. उलट परतताना ते मला म्हणाले, "शंभर टक्के बरोबर उत्तर दिलंन बाईन."

त्यांच्यासमोर 'हे चांगलं, ते वाईट' असं म्हणायची सोय नाही. लगेच विचारतात, "कशात? निकष सांग मेल्या!" जावातला 'इंटरफेस' शिकल्यावर तर कहर झाला. "इंटरफेस म्हणजे करार," ते मला समजावतात. मी पोटासाठी हाच प्रोग्रॅमिंगचा उद्योग करतो, हे ते सोयीस्करपणे विसरतात. "सही केलीस की दोन वस्तूंची तुलना करून दाखवायची. कशी करायची, ता तुझा तू बघ."

हे सगळं घरात राहिलं असतं, पण गणपतीतली मोदक स्पर्धा आडवी आली. दरवर्षी सोसायटीचे अध्यक्ष नाबर डोळे मिटून एकेक मोदक चाखत, आणि डोळे नेमके सौ. नाबरांच्या ताटापाशी उघडत. यंदा परबांनी सभेत उभं राहून जाहीर केलं की निवाडा त्यांचा प्रोग्रॅम करील. तीन परीक्षक आपापल्या फोनवरून गुण देतील, एकमेकांना दिसणार नाहीत, आणि क्रम मशीन लावील.

"ठीक आहे," नाबर म्हणाले. "पण गोंधळ झाला तर तुम्ही उत्सव समितीतून बाहेर. आणि पुन्हा निवाडा मीच करणार."

"चालात," परब म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. कोपऱ्यात शिर्के आजी बसल्या होत्या. यजमान गेल्यापासून त्या दाराबाहेर पडल्या नव्हत्या. परबांनीच जाऊन त्यांचं नाव घातलं होतं. त्यांचे मोदक उकडताना फुटले होते. एक तर परीक्षकांनी चमच्याने उचलून खाल्ला.

परबांनी बटण दाबलं. पडद्यावर यादी आली. पहिल्या क्रमांकावर लीलावती शिर्के. शेवटच्या क्रमांकावर सौ. नाबर.

परीक्षक एकमेकांकडे पाहत होते. बाकीच्या दोघांनी भरभरून गुण दिले असतील, असं प्रत्येकाला वाटत होतं.

नाबर ताडकन उठले. "हे कसं शक्य आहे?"

"साहेब, तुमच्या मिसेस कोण ते मशीनला माहीत नाही ना," परब शांतपणे म्हणाले.

त्यावर जी टाळी पडली, तशी आमच्या हॉलमध्ये आरतीलाही पडत नाही. शिर्के आजी उठल्या, पदर सावरत पुढे आल्या, आणि ट्रॉफी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या राहिल्या. बायकांनी त्यांना घेरलं. "आजी, आम्हाला शिकवा ना!" कुणीतरी ओरडलं. आजी हसत होत्या.

मी मात्र लॅपटॉपकडे पाहत होतो. नवशिके हमखास इथेच आपटतात. तुलनेसाठी दोघांच्या गुणांची साधी वजाबाकी लिहिली की जावाची यादी कमी गुणांपासून जास्तीकडे चढत जाते. सगळ्यांत चांगला वर हवा असेल, तर वजाबाकी उलटी करावी लागते. परबांनी ती केली नव्हती. म्हणजे सौ. नाबर खरोखरच पहिल्या आल्या होत्या, आयुष्यात प्रथमच, केवळ स्वतःच्या हाताच्या चवीवर.

"परबकाका," मी कानाशी लागलो, "यादी उलटी आहे."

"दुपारीच कळला माका," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "गप ऱ्हव."

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते विजयी सेनापतीसारखे खुर्चीत बसले होते. "दुपारी खोटे गुण घालून चालवून बघितलंय," ते म्हणाले. "दुरुस्त करूक बसलंय, तर समोरच्या खिडकीत म्हातारी दिसली. एकटीच मोदकांका कळ्यो पाडीत होती, एक धड पडत नाय होती. तोंडान काय तरी बोलत होती, गेलेल्या घोवाशी बोलत असतली. करारात तुलना करूची एवढाच लिवला हा. वर कोण, खाली कोण, ता ठरवणारो मी."

बेल वाजली. शिर्के आजी स्वतः ताट घेऊन आल्या होत्या. वर्षभरात कुणाच्या घरी गेल्या नव्हत्या, त्या आत येऊन बसल्या. परबांनी एक मोदक खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा. "आजी, झकास! ह्या चवीक तोड नाय," ते म्हणाले. आजींच्या चेहऱ्यावरून नजर हटवावीशी वाटेना.

मग मीही एक उचलला. सारणात गूळ घालायचा राहिला होता.