मंगरूची म्हैस आणि सदतीस फोन

"एकतीस वर्षं झाली, आमच्या पेपरात एक चूक सापडली नाई!" ईश्वरदास रहांगडाले चारचौघांत छाती फुगवून सांगत. 'साप्ताहिक धानकोठार'चे संपादक तेच, बातमीदार तेच, मुद्रितं तपासणारेही तेच. चूक सापडणार तरी कोणाला! गोंदियाच्या बाजारातल्या दीड खोलीतून दर सोमवारी अंक निघे आणि एसटीत बसून तिरोडा, आमगाव, गोरेगावला जाई.

पण यंदा पोटच्या पोरानंच, भूपेंद्रनं, सुरुंग लावला.

"बाबूजी, छपाई बंद करू. मोबाईलवर टाकू सारं. कागद आता कोणी वाचत नाई."

"कोण म्हणते?"

"सारी दुनिया म्हणते! चला, पैज. या सोमवारच्या अंकावर दहा वाचकांचे फोन आले, तं मी पुन्हा बोलणार नाई."

"दहा? अबे, शंभर येतीन!"

सोमवारी अंक निघाला. ईश्वरदास धुतलेला कुर्ता घालून, फोन शंभर टक्के चार्ज करून, देवापुढं बसावं तसे फोनपुढं बसले. दहा वाजले. अकरा वाजले. वाजला एकदाचा! "हॅलो, धानकोठार!" असे ते इतक्या जोरात ओरडले, की शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. पलीकडून एक बाई गोड आवाजात विचारत होती, कर्ज हवं का? बाराला दुसरा फोन आला. राँग नंबर! न सांगता भूपेंद्रनं बाबूजींसाठी चहा मागवला, आणि ते ईश्वरदासांना जास्त लागलं.

निदान जेवायला येतो असं कळवावं म्हणून साडेबाराला त्यांनी घरी फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. पाच वेळा बिझी! बायकोचं, सुशीलाबाईंचं, फोनवरचं बोलणं म्हणजे "हां, समजलं, ठेवा!" इतकंच. आज घरी काहीतरी झालं असणार! कार्यालयाला कुलूप ठोकून बापलेक स्कूटरवरून कुडव्याला, घराकडं सुटले.

घरापुढं आठ मोटारसायकली! दारात ही गर्दी! फाटकाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ईश्वरदासांनी कसंबसं विचारलं, "काका, कशी आहे ती?"

"पाहू कुठं देऊन राहिली ते बाई!" म्हातारा तणतणला. "आमगावहून आलो मी. पेपरात तं लिहिलं हाय, शांत स्वभावाची, लाथ मारत नाई!"

"क... कोण?"

"म्हैस!"

तेवढ्यात एका हातात झारा नि दुसऱ्या हातात फोन घेऊन सुशीलाबाई ओसरीवर अवतरल्या.

"या, या! सकाळपासून म्हैस विकून राहिली मी! दूध किती देते, कितव्या वेताची हाय, शिंगं कशी हायेत... मले का मालूम? आठ जणांनी पत्ता विचारला, तुमाले भेटाले येत असतीन म्हणून देऊन टाकला! आपल्या घरी साधी बकरी तरी हाय का?"

भूपेंद्रनं अंकाचं चौथं पान उघडलं. फुलचूरच्या मंगरू मेश्रामची छोटी जाहिरात होती. मजकूर बरोबर, म्हैस बरोबर, पण खाली नंबर सुशीलाबाईंचा! टाइप करताना ईश्वरदासांच्या बोटांनी आपला पाठ असलेला एकुलता एक नंबर उतरवला होता. एकतीस वर्षांतली पहिली चूक, आणि ती आठ मोटारसायकली घेऊन दारात उभी!

"शांत स्वभावाची," सुशीलाबाई एकेक अक्षर चावत म्हणाल्या. "माझ्या नंबरावर!"

आठही गिऱ्हाइकांनी एकदम जमिनीकडं पाहिलं.

अशात मंगरूच सायकल हाणत आला. कार्यालयाला कुलूप पाहून तो घर शोधत आला होता. "साहेब, सकाळपासून फोन धरून बसलो, एक फोन नाई! तुमचा पेपर कोणीच वाचत नाई ना जी!"

सुशीलाबाईंनी मुकाट्यानं कॅलेंडरचं फाडलेलं पान त्याच्या हातात ठेवलं. तोंडानं ओरडत असल्या, तरी फोन करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि नंबर त्यांनी पानामागं लिहून घेतला होता. भूपेंद्रनं मोजले. सदतीस! देवरी, सालेकसा, थेट बालाघाटपर्यंत!

"तुमाले नंबर कुठं दिसला?" त्यानं गर्दीला विचारलं.

आठ हात पिशव्यांत आणि खिशांत गेले. आठ 'धानकोठार' बाहेर आले. कुणाचा घामानं भिजलेला, कुणाचा चौघडी घातलेला. एकानं तर त्यात पोळ्या बांधून आणल्या होत्या.

"मोबाईलवर मी अंकातल्या साऱ्या बातम्या टाकल्या होत्या," भूपेंद्र हळूच म्हणाला. "तीन लाईक आले."

"त्यातला एक माझा," सुशीलाबाई म्हणाल्या. "न वाचताच दाबला होता."

ईश्वरदासांची मान अशी ताठ झाली, की कुर्त्याचं वरचं बटण तुटायचं राहिलं. मंगरू पुढं आणि गिऱ्हाइकं मागं, अशी वरात फुलचूरकडं निघाली. फाटकाशी ईश्वरदासांनी आमगावच्या काकांना थांबवलं. या अंकाचा अग्रलेख तीन दिवस घासून लिहिला होता. कौतुक ऐकायची हीच वेळ!

"काका, अग्रलेख कसा वाटला?"

"तो कोणत्या पानावर असते जी?"

"पहिल्या."

"मी मागून वाचतो," काका मोटारसायकलवर बसत म्हणाले. "चौथ्या पानावरच म्हैस भेटली. मंग पुढं कायले जाऊ?"

पुढच्या सोमवारी 'धानकोठार' नेहमीसारखा दिमाखात छापून निघाला. अग्रलेख मात्र चौथ्या पानावर होता, एक बैलजोडी आणि एक शिलाई मशीन यांच्या मधोमध.