गोंड्याची उंची

राज्य स्थिर राहायचं, तर प्रजेच्या उड्या राजाच्या गुडघ्यांच्या कुवतीबाहेर जाता कामा नयेत. आमच्या ड्यूक आस्कान्यो महाराजांच्या दरबारात हे तत्त्व फार जपलं जातं. मी तिथला गोंडा-अधीक्षक. गाल्यार्दा नाचात पाच पावलं झाली, की उडी मारून छताला टांगलेल्या रेशमी गोंड्याला लाथ लावायची असते. त्या गोंड्याची दोरी माझ्या हातात (माझी सत्ता तेवढीच).

महाराज तरुण होते तेव्हा गोंडा डोक्याएवढा उंच असे. पुढे त्यांना संधिवात जडला आणि गोंडा दर वर्षी चार बोटं खाली आला. यंदा तो घोट्याशी आहे. नियम सोपा: महाराजांची लाथ लागते, इतरांची हुकते. गेल्या वर्षी एक्केचाळीस सरदार नाचले, एक्केचाळीस हुकले. त्यांतले सात हुकण्याच्या खटपटीत जायबंदी झाले (सातांनाही बढती मिळाली).

सप्टेंबरात लात्तान्झियो आला. हा पो नदीचा बांध राखणारा; तीन गावांचा जीव त्याच्या हाती. बांध खचत चालला होता, पावसाआधी त्यात ठोकायला ओक लाकडाचे साठ सोट हवे होते. रिवाज असा, की अर्जदाराने आधी नाचावं.

“लाथ लागू देऊ नकोस बरं,” मी बजावलं.

“साहेब, घोट्याशी लोंबणारा गोंडा चुकवायचा, म्हंजी पाय घरीच ठिवून यायला पायजे व्हतं!”

“मोठमोठ्यांना जमतं.”

“त्यास्नी तेवढंच काम हाय. मला बांध बघायचाय.”

पाचव्या पावलाला तो बिचकला आणि गोंडा चुकवायचा म्हणून, सुगीच्या नाचात उडतात तसा, सरळ वर उडाला. त्याचे बूट माझ्या नाकासमोरून गेले. फार सुंदर उडी होती. माझ्या तोंडून ‘वा’ निघालाच; तो मी खोकून पुरा केला.

“हे काय झालं?” महाराजांनी विचारलं.

तीन दिवस चौकशी समिती बसली. महाराजांपेक्षा उंच उडणं कोणालाच शक्य नसल्यामुळे, त्या क्षणी दालनाची जमीनच दोन हात खचली असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. शंभर साक्षीदारांनी सह्या केल्या, पहिली माझी. मग धोकादायक जमिनीची दुरुस्ती तातडीची ठरली आणि तिच्यासाठी ओकचे साठ सोट मंजूर झाले. बांधाचे तेच साठ.

ऑक्टोबरात बांध फुटला. तिन्ही गावं गेली. लात्तान्झियो शेवटपर्यंत बांधावरच होता. मला फार वाईट वाटलं (नोंदवहीत तसा रकाना नाही). पाणी दालनातही शिरलं आणि गोंडा तरंगत कमरेपर्यंत आला. महाराजांना होडीतून नेताना त्यांचा पाय त्याला लागला. महाराजांनी कमरेएवढ्या उंचीवर लाथ मारली, अशी मी नोंद केली. टाळ्या झाल्या.

वाचकहो, जमीन खचलेली नाही, असं म्हणणारा त्या दालनात एकही निघाला नाही. तुम्ही म्हणाला असता, नाही का? मग करा हात वर. फक्त आधी तुमचे साहेब कुठे बसलेत ते पाहून घ्या आणि त्यांचा हात जिथवर गेलाय, त्याच्या चार बोटं खाली ठेवा.